तटस्थ कोण?

मुंबईच्या बंदरात शिडाच्या होडीतून फेरफटका करण्याची हौस आजकालची नव्हे. ज्याच्या नावामागे पुढे ‘रॉयल’ हे बिरूद लागले तो बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली निघाला, आणि त्यानंतर सुमारे शंभर वर्षे ही हौस साहेब लोकांची मिरास होऊन बसली होती. ती मिरास आता मोडली आहे. पाचसहा स्नेही एकत्र येतात, वर्गणी जमवतात, गेट वे ऑफ इंडियापाशी तासा-दोन तासांच्या बोलीने एक होडी तांडेलासह ठरवतात, आणि सूर्य कलू लागला म्हणजे शहराकडे तोंड करून पाण्यावर जाऊन बसतात. पावसाळा सरून समुद्र निवळला की थेट वैशाखापर्यंत हा क्रम चालतो. निमित्त कधी वाढदिवसाचे असते, कधी परदेशी स्थायिक झालेल्या मुलाच्या सुट्टीचे, तर कधी कसलेच नसते.

या हौसेविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ही निव्वळ चैन आहे. ज्या शहरात लक्षावधी लोक लोकलच्या दारात लोंबकळत घर गाठतात, तेथे होडी भाड्याने घेऊन पाण्यावर डुलत बसणे शोभत नाही. दुसरा म्हणतो, रोजच्या धकाधकीतून घटकाभर दूर झाल्याखेरीज माणसास आपले शहर, किंबहुना आपले आयुष्यही, नीट दिसत नाही. म्हणून असे दूर जाणे ही चैन नसून एक प्रकारची साधनाच होय. पहिल्या पक्षाशी आम्हांस फार वाद घालावयाचा नाही. मित्रांनी एकत्र येऊन निर्दोष आनंद मिळवू नये असे सांगणारी नीती सांगणाऱ्यालाही फार दिवस पाळता येत नाही. आणि समुद्र तर कोणा एकाच्या मालकीचा नाही. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोमन कायद्याच्या पाठ्यग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा ही निसर्गतःच सर्वांची म्हणून सांगितली आहेत. जे सर्वांचे आहे त्यावर सहा जणांनी एक सायंकाळ घालवली म्हणून सातव्याचे काही उणे होत नाही.

आमचा प्रश्न दुसऱ्या पक्षाला आहे, कारण त्याचा दावा मोठा आहे. दुरून पाहिले म्हणजे खरे दिसते काय? आणि जो दूर जाऊन पाहतो तो, ज्याच्याकडे पाहावयाचे त्यापासून खरोखर सुटा होतो काय?

ज्या वृत्तीची हा पक्ष थोरवी गातो तिच्यासाठी आपल्या भाषेत एक फार बोलका शब्द आहे. तो म्हणजे ‘तटस्थ’. न्यायाधीशाने तटस्थ असावे, इतिहासकाराने तटस्थ असावे, असे आपण नित्य म्हणतो. पण म्हणताना त्या शब्दाच्या पोटातील चित्राकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. कोणी तरी प्रवाहात आहे, हातपाय मारीत आहे, आणि कोणी तरी कोरड्या काठावरून ते पाहत आहे. त्या काठावरच्या माणसाचे हे नाव. लुक्रेशियस या रोमन कवीने इ. स. पूर्व पहिल्या शतकात नेमके हेच चित्र आपल्या तत्त्वज्ञानपर काव्याच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी रेखाटले आहे. खवळलेल्या समुद्रात दुसऱ्याची चाललेली धडपड जमिनीवरून पाहण्यात सुख असते, असे तो म्हणतो; आणि लगेच पुस्ती जोडतो की, ते सुख दुसऱ्याच्या दुःखाचे नव्हे, आपण त्या संकटाबाहेर आहो या जाणिवेचे आहे. ज्ञानी पुरुषाने जगाच्या उठाठेवीकडे असेच उंचावरून पाहावे, हा त्याचा इत्यर्थ. बंदरात शिडाच्या होडीतून शहर पाहणाऱ्याने या चित्रातील जागा तेवढ्या बदलल्या आहेत. येथे धडपड जमिनीवर चालली आहे आणि पाहणारा पाण्यावर आहे. सुख मात्र तेच आहे.

गेल्या माघात स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही अशा एका फेरीत सामील झालो होतो. त्या वेळी जे दिसले ते सांगितले असता आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. होडी धक्क्यापासून दूर जाऊ लागली की शहराचा गोंगाट आधी ओसरतो. मोटारींचे कर्णे, फेरीवाल्यांचे पुकारे, फोटो काढणाऱ्यांची आर्जवे ही सारी चारदोनशे हातांवर एकमेकांत विरघळून जातात आणि शिडाची फडफड व पाण्याची चुळबुळ एवढेच कानी उरते. मग दृष्टीची पाळी येते. प्रथम माणसांचे चेहरे पुसले जातात, मग माणसेच. त्यानंतर वाहने, त्यानंतर खिडक्या. शेवटी उरतात ती फक्त दगडी आकृत्यांची एक रेघ: १९२४ साली पुरी झालेली ती बसाल्टची कमान, तिच्या मागे १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलचा घुमट, उत्तरेस गोदीतील करड्या रंगाच्या लढाऊ नौका, दक्षिणेस कुलाब्याच्या बाजूला मच्छीमार होड्यांच्या काठ्यांचे रान. पाठ फिरवावी तर पूर्वेस घारापुरीचे डोंगर, आणि त्यांच्या अलीकडे तेलाची जहाजे जेथे लागतात ते जवाहर द्वीप. उन्हे उतरली होती आणि शहराच्या त्या साऱ्या रेषेवर सोने पसरले होते. आमच्यापैकी एक जण सहज उद्गारला, “आपली मुंबई एवढी सुंदर असेल असे कधी वाटले नव्हते!”

त्याचे बोलणे खोटे नव्हते. पण ज्या क्रमाने गोष्टी नाहीशा झाल्या तो क्रम विचार करण्याजोगा आहे. अंतर वाढू लागताच सर्वांत आधी दिसेनासा होतो तो माणूस, आणि शहर ज्या क्षणी सुंदर दिसू लागते तो क्षण त्याच्या नाहीसे होण्यानंतरचा असतो. आता यावरून कोणी कडवट वृत्तीचा मनुष्य असा निष्कर्ष काढील की, हे सौंदर्य म्हणजे एक फसवणूक आहे. माणूस वगळून मिळवलेली शोभा. आम्ही इतके पुढे जात नाही. आपल्या वेदान्तशास्त्रात लक्षणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. वस्तूचे जे स्वतःचे रूप तेच तिची ओळख म्हणून सांगणे हे स्वरूपलक्षण. आणि वस्तूच्या रूपात न मुरलेली, पण तिची खूण पटवण्यास उपयोगी पडणारी गोष्ट सांगणे हे तटस्थलक्षण. देवदत्ताचे घर कोणते, असे विचारले असता, ‘ज्यावर कावळा बसला आहे ते’ असे उत्तर देतात, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कावळा म्हणजे घर नव्हे, घराचा भागही नव्हे. थोड्या वेळाने तो उडून जाईल. तथापि ते उत्तर असत्य नाही, कारण त्याने आपण योग्य दाराशी पोचतो. होडीतून दिसणारी मुंबई ही या अर्थाने मुंबईचे तटस्थलक्षण होय. ती खोटी नाही. मात्र कावळा पाहून परत फिरणाऱ्यास घर पाहिल्याचे समाधान मानण्याचा अधिकार नाही.

सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक येथे एक आक्षेप घेतील, व तो वजनदार आहे. एडवर्ड बुलो या पंडिताने १९१२ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, वस्तू व आपला व्यावहारिक स्वार्थ यांत मानसिक अंतर पडल्याखेरीज सौंदर्याचा प्रत्ययच येत नाही. त्याचे उदाहरण समुद्रावरील धुक्याचे आहे. जहाजावरील माणसांस धुके म्हणजे भय, विलंब आणि चिंता; परंतु ती चिंता क्षणभर बाजूस सारली तर तेच धुके दुधासारखे, गूढ आणि मनोहर भासू लागते. हे म्हणणे मानसशास्त्राच्या दृष्टीने आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. फक्त त्यात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो, आणि तो नीतीचा आहे. प्रवाशांनी चिंता बाजूस सारली तेव्हा ती गेली कोठे? धुके मनोहर म्हणून पाहण्याची मोकळीक प्रवाशांना मिळते ती अशासाठी, की सुकाणूशी कोणी तरी ते धुके धुके म्हणूनच पाहत उभा असतो. त्यानेही आपली चिंता बाजूस सारली तर जहाज आणि सौंदर्यमीमांसा ही दोन्ही एकदमच खडकावर आपटतील. म्हणजे पाहणाऱ्याचे अंतर ही त्याच्या एकट्याच्या मनाची करामत नव्हे. दुसऱ्या कोणाच्या तरी जवळिकीने ते तोलून धरलेले असते.

आमच्या होडीत तो दुसरा कोणी म्हणजे तांडेल होता. जवळजवळ पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ. आम्ही ज्या रेषेची शोभा वाखाणीत होतो त्याच रेषेकडे त्याचेही डोळे लागलेले होते; पण ते पाहणे निराळे होते. अमुक इमारतीचा कोपरा तमुक घुमटाच्या खाली आला की पाण्याखाली खडक आहे, ओहोटीला तिकडे जावयाचे नाही, असा त्याचा हिशेब. आम्हांस जे चित्र होते ते त्याला अक्षर होते. तुमचे घर येथून दिसते काय, असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने दोन उंच इमारतींच्या मधली जागा दाखवली. आम्हांस तेथे काहीच दिसेना. “तिथंच मागं आहे, साहेब. इमारती झाल्या, आता दिसत नाही. पण आहे तिथंच,” एवढे बोलून त्याने शिडाची दोरी आवळली आणि आम्हांस वाऱ्याकडच्या बाजूला सरून बसावयास सांगितले.

हे सरून बसणेही अर्थपूर्ण आहे. शिडाच्या होडीचा म्हणून एक धर्म असतो. खारा वारा शिडात भरला की ती एका कुशीवर कलते. तळाखालचे जड पाते तिला सहसा उलटू देत नाही हे खरे. पण तिचा तोल आणि तिची चाल ही बसणाऱ्यांनी आपापले वजन कोठे ठेवले यावरही अवलंबून असतात. पैसे मोजून केवळ पाहावयास आलेला मनुष्य तेथे प्रेक्षक म्हणून कितीही अलिप्त असला, तरी वजन म्हणून अलिप्त राहू शकत नाही. तो जेथे बसतो तेथे बसण्याचा परिणाम होतो, आणि न हलण्याचाही होतो. होडीत तटस्थ कोणी नसतो. शब्दाचा अर्थच तसा आहे. तट मागे राहिला आहे.

याच पाण्याने हा धडा फार भयंकर रीतीने शिकवलेला आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आलेले असता, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे दगावली. लाटेचा तडाखा बसताच घाबरलेले प्रवासी एका अंगाला धावले आणि तोल गेला, असे त्या दुर्घटनेविषयी सांगितले जाते. त्यांना दोष देण्याचा विचारही आमच्या मनात येत नाही. मरणाच्या दारात कोण काय करील हे काठावर बसून सांगू नये. परंतु त्याच दिवशीची आणखी एक हकीकत आहे, आणि लुक्रेशियसच्या चित्राशेजारी ती आवर्जून ठेवावी असे आम्हांस वाटते. रेवसचे काही कोळी मासळी भरून मुंबईच्या बाजारास निघाले होते. पाण्यात माणसे दिसताच त्यांनी हातची मासळी समुद्रात ओतून दिली आणि मोकळ्या झालेल्या होड्यांत बुडणारांस ओढून घेतले. रोमन कवीला काठावर उभे राहून जे सुख लाभते असे वाटले, ते सुख या लोकांस त्या दिवशी सहज उपलब्ध होते. त्यांच्या होड्या शाबूत होत्या, आणि संकट दुसऱ्याचे होते. पण पाण्यावर उभ्या जन्माचा व्यवहार असणाऱ्यांना आपण संकटाबाहेर आहो हे सुखाचे कारण वाटत नाही. उडी घेण्याची ती एक सोय वाटते. ज्ञानी पुरुष त्या दोहोंत कोण, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

येथपर्यंत आम्ही स्वेच्छेने पत्करलेल्या अंतराविषयी बोललो. अंतराचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो त्याच सायंकाळी आमच्या पाठीमागे होता. गेट वे पासून घारापुरी दहा-अकरा किलोमीटर. लेणी पाहावयास तेथे देशोदेशीचे लोक जातात. पण बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्याही आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. या वस्त्यांत समुद्राखालून तार टाकून कायमची वीज पोचली ती २०१८ सालच्या फेब्रुवारीत. तोपर्यंत डिझेलच्या यंत्रावर सायंकाळी काही तास दिवे लागत, आणि ते मालवले की पश्चिमेस मुंबईचा सारा किनारा झगमगत राही. ज्या देखाव्यासाठी लोक आज तासाच्या हिशेबाने पैसे मोजतात, तो देखावा या गावकऱ्यांनी स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षे रोज रात्री अंधारात बसून फुकट पाहिला. दुरून पाहण्याने शहराचे खरे रूप कळत असेल, तर मुंबईविषयी त्यांच्याइतके ज्ञान कोणासच नसावे. आणि कदाचित ते तसे असेलही. पण ते सौंदर्याचे ज्ञान नसणार. अंतर आपण निवडलेले असले म्हणजे त्याला शांती म्हणतात. तेच अंतर दुसऱ्याने आपल्यावर लादलेले असले म्हणजे त्याला उपेक्षा म्हणावे लागते. दिवे तेच आणि पाणीही तेच असते. पाहणाऱ्याला हवे तेव्हा परत जाण्यास वाट आहे की नाही, एवढ्यावरून नाव बदलते.

मग तटस्थता ही वृत्तीच त्याज्य समजावयाची काय? आमचे म्हणणे तसे नाही. न्यायासनावर बसलेला मनुष्य वादी-प्रतिवादींपैकी एकाच्या होडीत जाऊन बसला तर समाज चालणार नाही, आणि आपल्या पिढीचा राग घेऊन इतिहास लिहिणाऱ्याच्या ग्रंथावर पुढची पिढी विश्वास ठेवणार नाही. परंतु न्यायाधीशाची तटस्थता हे त्याला नेमून दिलेले काम आहे. ते त्याने समाजाच्या वतीने, ठरावीक वेळेपुरते आणि ठरावीक नियमांनी बांधलेले असे करावयाचे असते. आणि आपण दिलेला निकाल चुकला तर कोणाचे आयुष्य मोडेल याची जाणीव त्याच्या उशाशी असावी लागते. आपल्या सुशिक्षित घरांतून हल्ली जी तटस्थता आढळते ती या जातीची नव्हे. शेजारच्या वस्तीचे पाणी तोडले तर ‘त्यात दोन बाजू आहेत’. घरी काम करणाऱ्या बाईच्या मुलाची शाळा सुटली तर ‘तो मोठा सामाजिक प्रश्न आहे’. वर्तमानपत्र वाचून झाले की आपण सर्व प्रश्नांकडे दुरून पाहू शकतो याचे आपणांस समाधान वाटते, आणि त्या समाधानाला आपण समतोल बुद्धी असे भारदस्त नाव देतो. ही तटस्थता कोणी नेमून दिलेली नसते व तिची कोणी फेडही मागत नाही. ती सुखवस्तूपणाने मिळालेली एक चांगली बैठक आहे, इतकेच.

म्हणून होडीत जाणाऱ्यांनी जाऊ नये असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. उलट ज्यांस शक्य असेल त्यांनी मुलांना घेऊन अवश्य जावे. शहराची ती सोनेरी रेघ एकदा डोळ्यांत भरून घ्यावी. परंतु मुलांनी ‘किती सुंदर’ म्हटले की त्यांना एवढे विचारावे, की काठावरून निघताना ज्या गोष्टी दिसत होत्या त्यांपैकी आता कोणकोणत्या दिसत नाहीत. तांडेलाला त्याच्या घराची दिशा विचारावी. आणि त्याने सरून बसावयास सांगितले म्हणजे कुरकुर न करता सरावे.

राहता राहिला तो तट, ज्यावर स्थिर उभे राहून जगाकडे पाहण्याची आपली आकांक्षा असते. मुंबईपुरते बोलावयाचे तर तोही निसर्गाने दिलेला नाही. सात बेटांच्या मधली खाजणे बुजवून, वरळीचा बांध अठराव्या शतकात घालून, १८३८ साली कुलाब्यास जोडणारा रस्ता बांधून, असे हे शहर हळूहळू समुद्रातून काढलेले आहे. गेट वेची कमान ज्या भूमीवर उभी आहे ती भूमीदेखील १९१५ ते १९१९ या वर्षांत भराव टाकून तयार केलेली आहे. जो दगड आणि जी माती त्या पाण्यात पडली ती कोणाच्या तरी डोक्यावरील पाटीतून आली, आणि त्या डोक्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. आज त्या कठड्याला टेकून समुद्राकडे किंवा समुद्रावरून त्या कठड्याकडे आपण शांत चित्ताने पाहतो. पाहण्यास हरकत नाही. फक्त आपल्या पायांखालचा तट दुसऱ्याने पाण्यात उतरून भरलेला आहे, हे ज्याच्या ध्यानात आहे त्यालाच तटस्थ म्हणवून घेण्याचा थोडाफार अधिकार पोचतो; आणि ज्याच्या ते खरोखर ध्यानात आहे, तो हाक ऐकू आल्यावर काठावर फार वेळ उभा राहत नाही.